बँकॉकला सापडलेला ‘ऱ्य’

भाचीचा परवा फोन आला. “आत्या, २०२६चा वर्डकॅम्प एशिया मुंबईत ठरलाय. ९ ते ११ एप्रिल, बीकेसीला, जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. तू बँकॉकला गेली होतीस ना? मी जाऊ का? दोन दिवस रजा काढावी लागेल. आणि भाषणं तर काय, नंतर सगळी बघायला मिळतात.”

फोनवर तिला धड सांगता येईना. जा म्हणाले, पण का जा ते सांगायला बँकॉकची वही काढावी लागली. २०२३च्या फेब्रुवारीतली ती वही, माझ्याच गिचमिड अक्षरातली. तीच जरा नीट करून इथे देते आहे.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं आधी सांगते. वर्डप्रेस हे ब्लॉग लिहिण्याचं मुक्त सॉफ्टवेअर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३मध्ये सुरू केलं. ते वापरणाऱ्यांचा पहिला मेळावा, म्हणजे वर्डकॅम्प, ऑगस्ट २००६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरला. पुढे गावोगावी असे मेळावे होऊ लागले. ते भरवणारे स्वयंसेवक, बोलणारेही मानधन न घेणारे, आणि प्रायोजकांमुळे प्रवेशाचं तिकीट साध्या माणसाला परवडेल असं. माझा ब्लॉग जुन्नर भागातल्या गावठी बियाण्यांवर आहे. २००८पासून लिहिते. फावल्या वेळात वर्डप्रेसच्या मराठी भाषांतराला हात लावते.

१५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी नारायणगावहून निघालो. ओतूर, माळशेज, कल्याण. घाटात गवत वाळून सोनेरी झालेलं. हे मला विमानतळावर सोडायला आले होते आणि वाटभर गप्पच होते, कारण असाच निरोप आम्ही तीन वर्षांपूर्वी घ्यायच्या बेतात होतो. आशियातला पहिला मोठा वर्डकॅम्प २१ ते २३ फेब्रुवारी २०२० या तारखांना बँकॉकलाच भरायचा होता. माझं तिकीट, राहायची जागा, सगळं झालेलं. १२ फेब्रुवारीला जाहीर झालं की करोनामुळे रद्द. तेव्हा तो शब्दही आपल्याकडे नवा होता. मी पिशवी रिकामी केली आणि कपडे परत कपाटात ठेवले.

मधली तीन वर्षं सगळं घरबसल्या. २०२१ सालचा वर्डकॅम्प इंडिया पडद्यावर पाहिला, तो चांगलाच झाला होता. मी वहीत टिपणं काढली, प्रश्न टाइप केले, त्यांना उत्तरं मिळाली. मग लॅपटॉप मिटला की स्वयंपाकघर. काही राहून गेलंय असं वाटायचं, पण काय ते बोट ठेवून सांगता यायचं नाही.

निघताना आईंनी (सासूबाईंनी) विचारलं होतं, “ती माणसं त्या कॉम्प्युटरात दिसतात, बोलतात. मग एवढा खर्च करून लांब कशाला जायचं?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनीच मग शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हातात दिला. “शनिवारी महाशिवरात्र आहे. तिथे काय मिळेल न मिळेल. उपास मोडू नकोस.”

१६ फेब्रुवारी, गुरुवार

मध्यरात्रीनंतरचं विमान, साडेचार तासांचा प्रवास, घड्याळ दीड तास पुढे. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. पाटीवर थाई अक्षरं वाचता येत नाहीत, पण कानावर नाव पडलं की परकं वाटत नाही. आल्यावर व्हिसा घेणाऱ्यांच्या रांगेत निम्मी माणसं आपलीच होती. फोटो, अर्ज, दोन हजार थाई बात रोख. बात आधीच बदलून आणले होते म्हणून बरं झालं.

रेल्वेने फाया थाईपर्यंत, तिथून वरून धावणाऱ्या गाडीने सियाम, मग गाडी बदलून नदीकाठचं सफान ताक्सिन. माझी खोली तिथेच जवळ होती. आंघोळ करून झोपले ती संध्याकाळी उठले. चाओ फ्राया नदीच्या पलीकडे आयकॉनसियाम नावाची प्रचंड इमारत दिव्यांनी उजळली होती. उद्यापासून तिथेच जायचं होतं. साथोर्न धक्क्यावरून तिकडे तेव्हा फुकट होडी जायची, ती नुसती बघून आले.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला दिवस योगदानाचा. त्या दिवशी भाषणांना मुख्य जागा नसते. मोठ्या दालनात गोल टेबलं मांडलेली, प्रत्येकावर पाटी: मूळ कोड लिहिणारे, प्रशिक्षणवाले, मदतवाले, छायाचित्रवाले, आणि आमचं पॉलिग्लॉट्स, म्हणजे भाषांतर करणारे. कोणीही येऊन बसावं आणि दिवसभर वर्डप्रेससाठी काम करावं. पगार नाही, हजेरी नाही.

आमच्या टेबलावर दहा-बारा जण. माझ्या एका बाजूला काठमांडूचा एक मुलगा, फार तर पंचविशीचा. दुसऱ्या बाजूला बँकॉकचीच एक बाई, साधारण माझ्या वयाची, शाळेत शिकवणारी. समोर ढाक्याचे दोघे, त्यांच्यापलीकडे एक जपानी गृहस्थ. सगळ्यांनी लॅपटॉप उघडले आणि टेबलावर पाच-सहा लिप्या एकदम दिसू लागल्या.

सुरुवात थाई बाईंपासून झाली. भाषांतराच्या यादीत ‘वर्ड्स’ असा एक शब्द आहे. त्याच्या शेजारी सूचना असते की याचं तुमच्या भाषेत भाषांतर करू नका. मी ती सूचना वाचून कित्येकदा पुढे गेले होते, कारण काय ते कधी मनात आलंच नाही. बाईंनी कागद ओढला आणि पेनने एक लांबलचक थाई वाक्य लिहिलं. शब्दांमध्ये जागा नाही. “आमच्याकडे दोन शब्दांत जागा सोडत नाहीत,” त्या म्हणाल्या. म्हणजे यंत्राला अख्खं वाक्य एकच शब्द वाटतं. वर्डप्रेस लेखाचा थोडक्यात उतारा दाखवतं तो मुळात ५५ शब्दांचा. थाईत ५५ शब्द मोजायला गेलं तर सगळा लेखच उताऱ्यात येईल. म्हणून त्या एका जागी प्रत्येक भाषेने सांगायचं असतं की आमच्यात शब्द मोजा किंवा अक्षरं मोजा. ते भाषांतर नाहीच, ती यंत्राला दिलेली खूण आहे. मराठीत ती ‘वर्ड्स’ अशीच राहू द्यायची, कारण आपण जागा सोडतो.

मग त्यांनी आपल्या ब्लॉगचं पान दाखवलं. ओळी इतक्या जवळ की अक्षरांच्या डोक्यावरच्या स्वरखुणा वरच्या ओळीत घुसून कापल्या गेलेल्या. मी माझं पान उघडून शेजारी धरलं. आमची वेलांटी, रफार, अनुस्वार, सगळ्यांची डोकी तशीच छाटलेली. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळींमधलं अंतर बेतलं की आमच्या दोन्ही लिप्यांचं सारखंच नुकसान होतं. आम्ही दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या पडद्यांकडे बघत राहिलो. मला आजवर वाटायचं की हे मराठीचंच दुखणं, सहन करायचं.

पण दिवस लक्षात राहिला तो दुपारनंतरच्या एका गोष्टीने.

काठमांडूचा मुलगा नेपाळीत काहीतरी टाइप करत होता. नेपाळी देवनागरीतच, त्यामुळे डोळा आपोआप जायचा. त्याने ‘गर्‍यो’ असं लिहिलं. आपल्या ‘शेतकऱ्यांना’मध्ये जी र-ची डोळ्याच्या पापणीसारखी खूण येते, तीच. मी हिंदीत म्हणाले, अरे, ही तुमच्याकडेही आहे? तो म्हणाला, आहे तर, हिच्याशिवाय नेपाळी क्रियापद चालतच नाही. त्याने एक अक्षर चुकवलं होतं म्हणून तो मागे पुसत गेला. य गेला. मग ती पापणी गेली, आणि उरला साधा र.

मी त्याला थांबवलं. “परत कर.”

त्याने परत टाइप केलं, परत पुसलं. साधा र. खाली टिंब नाही.

माझ्या लॅपटॉपवर मी ‘ऱ्य’ लिहून तसंच पुसून दाखवलं. य गेला, हलन्त (पाय मोडल्याची खूण) गेला, आणि उरला ऱ. खाली टिंब असलेला. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, तो वेगळाच वर्ण आहे, ०९३१ क्रमांकाचा. तो मुलगा लिहीत होता तो साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा सांधा, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र वर्णांच्या ओळी वेगळ्या.

माझा घसा एकदम कोरडा पडला. कारण गेली दहा वर्षं माझ्या ब्लॉगवर एक कोडं होतं. वाचक सर्वात जास्त काय शोधतात? ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘शेतकऱ्यांचे बियाणे’, असंच. आणि तो शब्द शोधला की फक्त २०१२ नंतरचे लेख यायचे. जुने लेख जागेवर होते, ‘कणगी’ शोधलं की कणगीचा लेख निघायचा, ‘शेतकऱ्यांच्या’ शोधलं की तोच लेख गायब. २०१२मध्ये मी ब्लॉग जुन्या जागेवरून वर्डप्रेसवर हलवला होता. घर बदलताना काहीतरी बिघडलं असणार, असं धरून मी गप्प बसले. दोन-तीनदा ऑनलाइन विचारलंही होतं. “शोध नीट चालत नाही” असं लिहिलं, उत्तरं आली: अमुक प्लगइन लावा, तमुक सारणी दुरुस्त करा. लोकांनी प्रामाणिकपणे मदत केली. पण मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. ‘ऱ्य’चा आणि याचा संबंध असेल हे मला माहीतच नव्हतं, मग विचारणार काय?

त्या मुलाने माझा २००९ सालचा एक लेख उघडला, ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दावर कर्सर ठेवला आणि पुसत गेला. य गेला. पापणी गेली. उरला साधा र. टिंब नाही.

२०१२मध्ये मी नुसता ब्लॉगच हलवला नव्हता, लॅपटॉपही बदलला होता, आणि त्याच्याबरोबर टाइप करायची पद्धत. माझे चार वर्षांचे जुने लेख एका ‘ऱ्य’ने लिहिलेले होते आणि नंतरचे सगळे दुसऱ्या. वाचक नवीन ‘ऱ्य’ने शोधत होते.

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे ते भाचीसाठी. पडद्यावर आपण जे विचारू त्याचंच उत्तर मिळतं. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातांकडे आपली नजर जाते, आणि न विचारलेलंही दिसतं. तो मुलगा मला काही शिकवायला आला नव्हता. त्याची एक चूक झाली आणि तो ती पुसत होता, एवढंच.

परतीच्या होडीत वारा छान होता. मी त्याला विचारलं, तुमच्या बाजूला या दोन पद्धतींचा घोळ होत नाही का? तो म्हणाला, आमच्याकडे बहुतेक जण एकाच पद्धतीने लिहितात, पण आता मी घरी जाऊन तपासणार.

१८ फेब्रुवारी, शनिवार

महाशिवरात्र. सकाळी खोलीतच आंघोळ, स्तोत्र, एक लाडू, आणि धक्क्यावर.

आजपासून भाषणं. सभागृह इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एका वेळी दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे विषय चाललेले. मी सकाळची दोन ऐकली, दोन्ही उत्तम. पण त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही, कारण भाची म्हणते ते खरंच आहे. वर्डकॅम्पची भाषणं चित्रित होतात आणि वर्डप्रेस टीव्हीवर फुकट पाहता येतात. मग मी ठरवलं, जे नंतर पाहता येणार नाही तिथे उभं राहायचं. म्हणजे बाहेर, सभागृहांच्या मधल्या मोकळ्या जागेत. इथली मुरलेली माणसं त्याला ‘हॉलवे ट्रॅक’ म्हणतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेला तो सगळ्यात मोठा कार्यक्रम.

तिथे एक रीत पाळतात, ती मला फार आवडली. चार-पाच जण गोल करून बोलत असतील तर गोल पुरा करायचा नाही, एका माणसाची जागा उघडी ठेवायची. पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेममधल्या गोळ्याच्या उघड्या तोंडासारखी. नवखं कोणी आलं की त्या फटीत उभं राहतं, आणि मग सगळे थोडे सरकून पुन्हा एक फट करतात. आपल्याकडे लग्नात, साहित्यसंमेलनात ओळखीच्यांचे घट्ट गोल झालेले असतात आणि एकटा आलेला माणूस हातात चहाचा कप घेऊन भिंतीशी उभा राहतो. मी स्वतः अशी पुष्कळदा उभी राहिले आहे. इथे दिवसभरात एकदाही राहिले नाही.

अशाच एका गोलात ढाक्याच्या दोघांपैकी एक भेटला. तो म्हणाला, लेखाच्या पत्त्यात बंगाली शीर्षक अर्ध्यावरच का तुटतं, ठाऊक आहे? माझ्याही लेखांचे पत्ते तुटतात. त्याने बोटांवर मोजून दाखवलं. पत्ता साठवायला जागा दोनशे अक्षरांची. इंग्रजीला ती भरपूर. आपला एकेक वर्ण मात्र पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट नऊ इंग्रजी अक्षर-आकड्यांचा होऊन बसतो. दोनशेला नवाने भागा. बावीस वर्ण झाले की जागा संपली. आणि वर्ण म्हणजे नुसती अक्षरं नव्हेत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येक वेगळा. मी खांबाशी उभी राहून ‘शेतकऱ्यांसाठी’ मोजला. तेरा. एका शब्दात निम्म्याहून जास्त जागा गेली! तेव्हापासून मी पत्ता हाताने लहान करते, दोन शब्दांत बसवते. बंगाली, मराठी, थाई, तमिळ, सगळ्यांचे वर्ण तीन बाइटचे (बाइट म्हणजे यंत्रातलं साठवणुकीचं माप), म्हणून सगळ्यांचं गणित तेच.

दुपारी जेवणाच्या वेळी मी फळांचं ताट घेऊन कोपऱ्यात बसले होते. गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. “तुम्हीच का त्या?”

त्यांचं ओळखपत्र मी वाचलं आणि मला काय बोलावं सुचेना. नाशिकचे. आम्ही एकमेकांना चार वर्षं ओळखत होतो आणि कधी भेटलो नव्हतो. भाषांतराच्या पानावर कोणालाही शब्द सुचवता येतो, मंजूर करणारे वेगळे असतात. ‘कॉमेंट’ला मी ‘प्रतिक्रिया’ सुचवायची, हे ‘टिप्पणी’. मी परत ‘प्रतिक्रिया’, हे परत ‘टिप्पणी’. मग ‘अपलोड’ला मी ‘चढवा’, हे ‘अपलोड करा’. एकदा मी जरा तिखट लिहिलं, त्यांनी एका ओळीत कोरडं उत्तर दिलं, आणि त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांच्या शब्दांना हात लावायचा नाही असं मुकाट्याने पाळलं. त्यात कित्येक ओळी तशाच पडून राहिल्या. मराठीत काम करणारे आम्ही किती थोडे, आणि त्यात हे.

मी डबा उघडून पुढे केला. “घ्या. उपासाचा आहे.”

“माझाही उपास आहे,” ते म्हणाले आणि बसले.

आईंच्या शेंगदाण्याच्या लाडवावर जे बोलणं झालं ते चार वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी ‘टिप्पणी’ का धरली होती? त्यांच्या वडिलांनी दृष्टी अधू झाल्यावर पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन वापरायला घेतलं होतं. त्यातला आवाज ‘प्रतिक्रिया’ तोडून म्हणायचा, ‘टिप्पणी’ नीट म्हणायचा. हे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. छोट्याशा चौकटीत एवढं कोण लिहितं? आणि मी ‘चढवा’ का म्हणत होते, तर माझे वाचक गाडीत माल चढवतात, फोटोही चढवतात, त्यांना तो शब्द सांगावा लागत नाही. ते म्हणाले, हे मला पटतं. मग आम्ही पडून राहिलेल्या ओळी फोनवर उघडल्या आणि एकेक घेत गेलो. सगळ्यांवर एकमत झालं नाही. ‘डॅशबोर्ड’वर तर मुळीच नाही. पण तास कसा गेला कळलं नाही, आणि त्यात कुणाचा आवाज चढला नाही.

चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले. खालच्या मजल्यावर सूकसियाम म्हणून भाग आहे, थायलंडच्या निरनिराळ्या प्रांतांतले पदार्थ विकणारा. थाई बाई मला तिथे घेऊन गेल्या. मी साबूदाण्याचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, “साखू!” नावातलं हे साम्य ऐकून मी थक्क झाले. त्यांनी नीट बजावलं की पारदर्शक गोळे दिसतील ते घेऊ नकोस, त्यात मांस भरलेलं असतं. नारळाच्या दुधातला गोड साखू घे. घेतला. आपली खीरच, फक्त दुधाच्या जागी नारळ.

संध्याकाळी नाशिकचे, मी आणि पुण्याच्या दोन मुली असे चौघे सिलोम रस्त्यावरच्या मरिअम्मनच्या देवळात गेलो. एकोणिसाव्या शतकात इथे येऊन राहिलेल्या तमिळ लोकांनी बांधलेलं. रंगीत गोपुर, बाहेर झेंडूच्या माळांची दुकानं. आत तमिळ बायका होत्या, आणि त्यांच्या बरोबरीने नारळ-केळ्यांची तबकं धरलेल्या थाई बायकाही. कापराचा वास आला आणि मला एकदम लेण्याद्रीची आठवण झाली. पुण्याच्या मुलींपैकी एकीने विचारलं, ब्लॉग वाचतं तरी कोण आता, काकू? मी म्हटलं, उद्या सांगते. तेव्हा उत्तर तयार नव्हतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

शिवजयंती. होडीत नाशिककरांनी “जय शिवराय” म्हणून हात जोडले, मीही जोडले. शिवनेरीच्या पायथ्याची मी, आणि या दिवशी चाओ फ्रायाच्या पाण्यावर.

आज शेवटचा दिवस. सकाळी एक भाषण, मग पुन्हा बाहेर. पुण्याच्या मुलीला काल दिलेला शब्द पाळायचा होता, पण तिनेच मला गाठलं. तिच्याबरोबर जपानी गृहस्थ होते. ते गेली कित्येक वर्षं आपल्या गावच्या बसच्या वेळा ब्लॉगवर लिहितात. बसची वेळ बदलली की बदलतात. वाचक किती, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले की गावात म्हातारी माणसं आहेत, त्यांची मुलं शहरातून वाचतात आणि फोन करून सांगतात. ती मुलगी मग बराच वेळ काही बोलली नाही. मलाही निराळं काही सांगायची गरज उरली नाही.

समारोपात पुढचा मेळावा २०२४मध्ये तैपेईला, असं जाहीर झालं तेव्हा तैवानची मंडळी उभी राहून ओरडली. रात्रीच्या मेजवानीला मी गेले खरी, पण आवाज फार होता, लवकर निघाले. थाई बाईंनी निघताना तो शुक्रवारचा कागद, पेनने लिहिलेलं लांब वाक्य असलेला, घडी घालून माझ्या हातात दिला. त्याचा अर्थ मी तोवर विचारलाच नव्हता. “आज आमच्या टेबलावर पाहुणे आले आहेत आणि ते आपापल्या भाषेत लिहीत आहेत.”

२० फेब्रुवारी, सोमवार

विमान रात्रीचं. पहाटेच पाक ख्लोंग या फुलबाजारात गेले, तो रात्रंदिवस चालतो. झेंडूच्या गोण्याच्या गोण्या, मोगऱ्याच्या माळा गुंफणारे हात. इथला झेंडू एकाच मापाचा, गच्च भरलेला. मी एकेका गाड्याशी उभी राहून बघत होते. बियाणं मात्र घेतलं नाही. दुसऱ्या देशातून बी असं पिशवीत घालून आणायचं नसतं, त्याच्याबरोबर रोगही येतात, हे मी स्वतःच ब्लॉगवर कितीदा लिहिलं आहे.

विमानतळावर आत शिरल्यावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, देव आणि दानव दोन बाजूंनी वासुकीला ओढणारे. तिथेच बाकावर बसून हिशेब मांडला. विमान, राहणं, खाणं मिळून पन्नास हजारांच्या थोडा वर. आमच्या घरात ही लहान रक्कम नाही. त्यासाठी मी दीड वर्ष शिकवण्यांचे पैसे बाजूला टाकले होते. म्हणून ज्यांना जाता येत नाही त्यांना मी कधी “यायलाच हवं” असं म्हणणार नाही. पण मुंबईला आपल्या एस.टी.ने जाता येतं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी घरी. आईंना डबा रिकामा परत दिला आणि कोणी कोणी लाडू खाल्ले ते सांगितलं.

रात्री जेवणं झाल्यावर बसले. आधी सगळ्या लेखांची प्रत काढून ठेवली. मग काठमांडूच्या मुलाने कागदावर लिहून दिल्याप्रमाणे एकेक पायरी: साधा र, हलन्त, न दिसणारा सांधा, हे जिथे जिथे असेल तिथे ऱ आणि हलन्त. यंत्राने किती जागी बदल केला तो आकडा दाखवला, एकवीसशेच्या वर. पानावर काहीच बदललेलं दिसत नव्हतं. सगळी अक्षरं होती तशीच.

मग शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांच्या’ लिहिलं.

यादी खाली खाली जात राहिली. २०१५, २०१३, २०१२. पूर्वी इथे थांबायची. आता २०११. २०१०. आणि सगळ्यात तळाशी २००८चा माझा पहिलाच लेख, ‘शेतकऱ्यांच्या घरातली कणगी’. काळ्या घेवड्याचं बी राखेत कालवून, वर कडुनिंबाचा पाला घालून वर्षभर कसं टिकवतात, ते.

आई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी दोन ओळी वाचल्या.

“हे तर मी सांगितलेलं,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून पुढचं वाचायला बसल्या.